दोन थरांच्या मध्ये

सकाळचे सात. वाल्दिव्हियात जूनमध्ये
या वेळी खिडकीला अजून रात्रच चिकटलेली असते.
डॉक्टर कात्रिलेओ माझ्या पोटावर थंड जेल फासतात
आणि पडदा माझ्याकडे वळवतात.
"बघायचंय, सेन्योरा एर्मेलिंदा?"

चौपन्न वर्षांत या पोटाकडे
शिंप्यानं बघितलं, काट्यानं बघितलं,
बसमध्ये शेजारी बसू पाहणाऱ्यांनी बघितलं.
मी नाही.

पडद्यावर करडे, पांढरे पट्टे, एकावर एक.
वर चरबी. "ती जरा जास्तच आहे," मीच म्हटलं.
ते हसले नाहीत, त्याबद्दल आभार.
खाली स्नायू, मग स्नायू, मग आणखी एक,
अधेमध्ये चकाकत्या रेषा.
अहो, हे तर मी ओळखते!
एकतीस वर्षं हेच लाटत आलेय,
हजार पानांच्या केकचे पापुद्रे:
घडी, लोणी, घडी, थंडीत विसावा,
पुन्हा घडी.

सुई तिरकी शिरली.
"इथे, या दोन थरांच्या मध्ये औषध सोडतो.
नसा इथूनच जातात."
काळी फट हळूहळू उघडली, पानासारखी.
मी लोणी ठेवते, नेमकी तिथेच.

झोपेत माझा श्वास अडतो,
चढावर जुना ट्रक अडावा तसा.
म्हणून मॉर्फिन हात राखून.
"दुखणं जिथून निघेल तिथेच त्याला गाठू.
ऑपरेशननंतर तुम्हाला कशाला
सगळीच्या सगळी गुंगीत ठेवायची?"
माझ्यावर आजवर सरसकटच उपाय झाले.
तोंड आवर, एवढाच.
मधली जागा शोधायला
कुणी दिवा घेऊन आलं नव्हतं.

जाग आली तेव्हा पोट गप्प.
पाच भोकं, पाच पट्ट्या.
बोट लावलं तर बोटाला कळलं, पोटाला नाही,
दुसऱ्याच्या परातीतली कणीक चाचपावी तसं.
दुखत होता तो उजवा खांदा!
ज्याला कुणी हातही लावला नव्हता
तोच बोंबलत होता.
"पोट फुगवायला भरलेला वायू," नर्स मिर्था म्हणाली,
"त्याच्यावर सुई चालत नाही. उठा, चला."
भांडण एका घरात, आरडाओरडा दुसऱ्याच्या दारात.
आमच्या गल्लीतही असंच.

रात्रीचे तीन. याच वेळी मी भट्टी पेटवते.
बधिरपणा एकेका भोकातून निघायला लागला,
सिनेमा संपल्यावर माणसं निघतात तसा,
घाई नाही, कोटाची बटणं लावत लावत.
रिकाम्या खुर्चीत दुखणं येऊन बसलं.
बरंच बुटकं निघालं.
मी उगाच उंच समजत होते.

"एक ते दहा, किती?"
आयुष्यभर आकडा सांगताना मी खोटं बोलले,
नेहमी कमी करून.
आताही जिभेवर दोनच आला होता.
"पाच," म्हटलं. खरं तर साडेपाच.
मिर्थानं पॅरासिटामॉलची बाटली टांगली
आणि टोपणाएवढ्या पेल्यात पाणी दिलं.
तीस मिलिलिटर, अर्धा तास पुरवायचं.

खाली नदीकाठी, मासळीबाजारामागे
समुद्रसिंह भुंकत होते,
अवाढव्य, ओले, एकमेकांवर रेललेले.
त्यांना कुणी काट्यावर चढवत नाही.
मला जरा हेवा वाटला, मग हसू आलं,
आणि हसताच पाचही टाके कळले.

सकाळी डॉक्टर आले. मी म्हटलं,
"एक सांगू? लोणी गार हवं.
कोमट झालं की पाझरतं, पानं चिकटतात."
त्यांनी थोडा विचार केला.
"औषधही पाझरतं. म्हणून तर तुमची झोप मोडली."
मग खुर्ची ओढून बसले
आणि विचारलं, पण किती गार?